रेडिओलॉजीची रेसिडेन्सी: नजर बसेपर्यंत

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात रेडिओलॉजीच्या रेसिडेन्टच्या, म्हणजे विभागात काम करत शिकणाऱ्या डॉक्टरच्या, वाट्याला दोन गोष्टी येतात: अंगावर आलेले किरण मोजणारा, छातीवर लावायचा टीएलडी बॅज आणि छातीच्या एक्स-रेंचा न संपणारा ढीग. बॅजचं शिक्षण एका दुपारी उरकतं. तो शिशाच्या एप्रनच्या आत, छातीच्या उंचीवर लावायचा. तपासणीच्या खोलीत विसरायचा नाही, कारण तुम्ही घरी झोपलेले असताना तिथे त्याच्यावर डोस चढत राहतो. कामामुळे अंगावर येणाऱ्या डोसची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि भारतात कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. एप्रन ०.२५ किंवा ०.५ मिलिमीटर शिशाच्या ताकदीचा असतो. तो घडी घालून खुर्चीवर टाकला की आतल्या थराला चिरा जातात आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून तो हँगरलाच लटकवायचा आणि ठरावीक काळाने फ्लुरोस्कोपीखाली, म्हणजे चालत्या एक्स-रेखाली, पसरून तपासायचा.

एक्स-रेचा ढीग मात्र पुढची सगळी वर्षं पुरतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हे काम म्हणजे चित्र बघून आजार ओळखणं. रेसिडेन्सीचा निम्मा काळ खरं तर चित्र तयार कसं झालं हे शिकण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा. जो रेसिडेन्ट पहिल्या दिवसापासून रिपोर्टिंगच्या खोलीतच बसून राहतो, एक्स-रेच्या खोलीत, सीटीच्या कन्सोलवर किंवा सोनोग्राफीच्या पलंगाशेजारी उभा राहत नाही, त्याला आजारांची नावं पुष्कळ येतात. पण समोरच्या सावलीवर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येत नाही.

छातीचाच एक्स-रे घ्या. उभ्या रुग्णाचा पीए व्ह्यू घेताना किरण पाठीकडून येतात, छाती डिटेक्टरला टेकलेली असते आणि ट्यूब साधारण १८० सेंटिमीटरवर असते. अतिदक्षता विभागातला पोर्टेबल एपी व्ह्यू पलंगावर, समोरून, १०० सेंटिमीटरच्या आसपास घेतला जातो. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं. एपीमध्ये ते डिटेक्टरपासून लांब पडतं, ट्यूबही जवळ असते, त्यामुळे सावली फुगते. पीएमध्ये हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली तर हृदय मोठं म्हणता येतं. तोच नियम पोर्टेबलला लावला तर अर्धा वॉर्ड हृदयविकाराचा निघेल. नवा रेसिडेन्ट हे पाठ म्हणून सांगतो आणि दुसऱ्या मिनिटाला पोर्टेबल फिल्मवर ‘कार्डिओमेगाली’ (मोठं हृदय) लिहून मोकळा होतो. टेक्निशियनबरोबर चार पोर्टेबल स्वतः काढून आलं की ही चूक आपोआप थांबते.

म्हणून वाचायला सुरुवात करण्याआधी फिल्म तपासायची. नाव, तारीख, बाजूची खूण. श्वास नीट घेतलाय का: उजव्या पडद्याच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या डायफ्रामच्या) वर पुढच्या ६ किंवा मागच्या ९-१० बरगड्या मोजता यायला हव्यात. कमी श्वासात तळाची फुप्फुसं दाटतात आणि न्यूमोनियासारखी दिसतात. रुग्ण वळलाय का: गळ्याच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर हवीत. वळलेल्या छातीत एक बाजू उगाच काळी दिसते. किरण पुरेसे होते का: हृदयामागे मणके पुसट दिसायला हवेत.

त्यानंतर बघण्याचा क्रम. तो कुठलाही चालतो, फक्त दर वेळी एकच हवा आणि मोठा दोष दिसल्यावरही मोडायला नको. एक गोष्ट सापडली की मन निवांत होतं आणि नजर पुढे सरकायला तयार होत नाही; चुकांमधला मोठा वाटा इथून येतो. छातीतलं पाणी सापडतं आणि त्याच फिल्मवरची आजाराने खाल्लेली बरगडी सुटते. ठरलेला क्रम संपल्यावर चार जागा पुन्हा बघायच्या: गळ्याच्या हाडामागे झाकलेली फुप्फुसांची टोकं, हृदयामागची जागा, दोन्ही हायलम (फुप्फुसात वाहिन्या शिरतात त्या जागा) आणि पडद्याच्या घुमटाखालचा भाग. सुटलेल्या गाठी पुष्कळदा इथेच असतात. शेवटी खांदे, बरगड्या आणि फिल्मच्या कडा.

एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. आडव्या, कृश, म्हाताऱ्या रुग्णाच्या पोर्टेबल फिल्मवर छातीच्या बाहेरच्या भागात उभी रेघ दिसते आणि न्यूमोथोरॅक्सची, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठल्याची, शंका येते. त्यावर विसंबून कोणी छातीत नळी घालू शकतं, म्हणून इथे घाई परवडत नाही. फिल्म मोठी करून बघायची. न्यूमोथोरॅक्समध्ये बारीक पांढरी रेघ असते, दोन्हीकडे काळं असतं आणि रेघेबाहेर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या नसतात. पाठीखाली कातडीची वळी पडली असेल तर रेघ नसून कड दिसते: करडा रंग हळूहळू दाट होत येतो आणि एकदम काळा होतो, पलीकडे वाहिन्या चालूच राहतात, आणि ती कड कधी कधी छातीच्या भिंतीबाहेरही जाते. शंका राहिलीच तर वळी सरळ करून फिल्म पुन्हा घ्यायची. उलट, आडव्या रुग्णाचा खरा न्यूमोथोरॅक्स वरच्या टोकाला दिसेलच असं नाही. हवा पुढे आणि खाली जाते, आणि एका बाजूचा पडद्याचा कोन नेहमीपेक्षा खोल आणि काळा होतो.

नळ्यांचं काम कंटाळवाणं वाटतं, पण तातडीचे फोन सर्वात जास्त याच कामात करावे लागतात. श्वासाच्या नळीचं टोक, मान सरळ असताना, श्वासनलिका दुभंगते त्या जागेच्या साधारण ५ सेंटिमीटर वर हवं. हनुवटी छातीला टेकली की टोक सुमारे २ सेंटिमीटर खाली जातं, मान मागे गेली की तितकंच वर. त्यामुळे फिल्मवर हनुवटी कुठे आहे हे बघूनच अंतर लिहायचं. नाकातून पोटात घातलेली नळी दुभंगाच्या पुढेही मधोमध सरळ खाली गेली पाहिजे आणि टोक डाव्या पडद्याखाली दिसलं पाहिजे. ती एका ब्रॉन्कसच्या (फुप्फुसात जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फांदीच्या) वळणाने गेलेली दिसली तर रिपोर्ट टाइप करत बसायचं नाही. आधी वॉर्डला फोन, म्हणजे नळीतून अन्न सुरू व्हायच्या आत ती निघेल.

सोनोग्राफीचं पोस्टिंग लागलं की खेळच बदलतो, कारण इथे चित्र काढणारा हात तुमचाच असतो. एक्स-रेमध्ये सुटलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी कन्सल्टंट फिल्मवर दाखवू शकतात. सोनोग्राफीत जे तुम्ही पडद्यावर आणलंच नाही, ते नंतर कोणालाच सापडत नाही.

पोटासाठी २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा वक्र प्रोब, वरवरच्या अवयवांना ७ ते १२ चा सरळ प्रोब. पित्ताशय भरलेलं मिळावं आणि आतड्यात गॅस कमी असावा म्हणून रुग्ण ६ ते ८ तास उपाशी हवा. ओटीपोटासाठी मूत्राशय भरलेलं हवं. पहिल्या महिन्यात हात ऐकत नाही. सरकवणं, कलवणं आणि फिरवणं या तीन हालचाली एकदमच होतात आणि पडद्यावर आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. उपाय एकच: एका वेळी एकच हालचाल. प्रोब खाली, टोकाजवळ धरायचा, करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकवायची, म्हणजे हात स्थिर राहतो आणि तासाभराने मनगटही दुखत नाही. जेलची कंजुषी करायची नाही.

मग मशीनची बटणं. डेप्थ इतकीच की बघायचा अवयव पडद्याचा बहुतेक भाग व्यापेल. गेन (चित्राचा उजळपणा) बरोबर आहे का हे मूत्राशयावरून किंवा मोठ्या शिरेवरून ठरवायचं: पाणी आणि वाहतं रक्त काळं दिसायला हवं. गेन जास्त असेल तर साध्या पाण्याच्या गाठीतही गाळ दिसतो, कमी असेल तर निरोगी यकृतही काळवंडतं. फोकस बघायच्या गोष्टीच्या पातळीवर. बाहेर उजेड जास्त असेल तर डोळा गेन वाढवायला लावतो, म्हणून खोली अंधारी ठेवायची.

पित्ताशयाच्या मानेतला खडा हा नवख्याची परीक्षा घेणारा विषय आहे. रुग्ण उताणा असताना मान दुमडलेली असते, शेजारच्या ड्युओडिनममधला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला) गॅस तिच्यावर सावली टाकतो आणि पित्ताशय स्वच्छ दिसतं. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून खोल श्वास घ्यायला सांगितला की मान उलगडते आणि खडा घरंगळत तळाकडे येताना दिसतो. हलतो म्हणजे खडा. हलत नसेल तर पॉलिप (भिंतीला चिकटलेली वाढ), किंवा मानेत अडकलेला खडा. सावली पडत नाही म्हणून लगेच ‘खडा नाही’ म्हणायचं नाही. लहान खडा ध्वनिलहरींच्या झोतापेक्षा अरुंद असला तर सावली भरून निघते. फोकस त्याच्या पातळीवर आणायचा, जास्त फ्रिक्वेन्सी घ्यायची, आणि अनेक कोनांतून चित्र जोडणारं कम्पाउंडिंग बंद करायचं, कारण ते सावली फिकी करतं. बारीक खड्याची सावली बऱ्याचदा त्यानंतर उमटते.

पित्ताशयाची भिंत ३ मिलिमीटरच्या वर गेली तर जाड. पण जेवून आलेल्या रुग्णाचं आकसलेलं पित्ताशयही जाड भिंतीचं दिसतं, तेव्हा ‘शेवटचं कधी खाल्लं?’ हा प्रश्न प्रोब ठेवण्याआधी विचारायचा. प्रोबने नेमकं पित्ताशयावर दाबल्यावरच सर्वात जास्त दुखतं का, हेही नोंदवायचं. वेदनेचं इंजेक्शन घेऊन आलेल्या रुग्णात त्या उत्तराला अर्थ उरत नाही. मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत, वयाप्रमाणे थोडी जास्त, आणि पित्ताशय काढलेल्यांमध्ये त्याहूनही रुंद असू शकते. मोजण्याआधी कलर डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय, चालू करायचा. यकृताची धमनी पित्तनलिका समजून मोजली जाणं हे पहिल्या वर्षात सर्रास घडतं.

अपेंडिक्ससाठी सरळ प्रोब हळूहळू दाबत न्यायचा, म्हणजे मधलं आतडं आणि गॅस बाजूला सरतात. एकदम दाबलं तर रुग्ण पोट ताठ करतो आणि तपासणी तिथेच संपते. ६ मिलिमीटरहून जास्त जाडीची, दाबूनही न चेपणारी, एका टोकाला बंद असलेली नळी शोधायची, आणि टोकापर्यंत बघायची. सूज कधी कधी फक्त टोकालाच असते. बुडाचा निरोगी भाग पाहून रिपोर्ट दिला तर फसगत होते. अपेंडिक्स सापडलंच नाही तर ‘दिसलं नाही’ असंच लिहायचं. ‘नॉर्मल’ आणि ‘दिसलं नाही’ यांत सर्जनच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. न दिसलेल्या गोष्टीला नॉर्मल लिहिण्याची सवय पहिल्याच महिन्यात मोडायला हवी.

डॉपलरमध्ये ‘रक्तप्रवाह नाही’ हे वाक्य सर्वात जोखमीचं. अंडकोषाला पीळ बसल्याच्या शंकेने रात्री आलेल्या मुलात आधी दुखरी बाजू बघायचा मोह होतो. पण सुरुवात चांगल्या बाजूने करायची. तिथे हळू प्रवाह दिसेपर्यंत स्केल (दाखवायच्या वेगाची मर्यादा) खाली आणायचं, हळू प्रवाह गाळून टाकणारा वॉल फिल्टर कमी करायचा, कलर गेन गोंगाट उठेपर्यंत वाढवून किंचित मागे घ्यायचा. याच सेटिंगवर काहीही न बदलता दुखऱ्या बाजूला जायचं. आता तिथे प्रवाह दिसला नाही तर त्या न दिसण्याला वजन आहे. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात, आणि पहिल्या ६ तासांत पीळ सुटला तर अंडकोष वाचण्याची शक्यता सर्वात जास्त असते. म्हणून फोन खोलीतूनच करायचा. प्रवाहाचा वेग मोजताना कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा. त्यापुढे कोनातली थोडी चूकही वेगात मोठा फरक पाडते.

सीटीच्या कन्सोलवर पहिलं काम मागणीचा कागद वाचण्याचं. ‘पोटदुखी’ एवढंच लिहिलेल्या कागदावर प्रोटोकॉल ठरवता येत नाही. फोन करून विचारायचं: शंका कशाची, आधी ऑपरेशन झालंय का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी) किती, पूर्वी डायची, म्हणजे शिरेतून देतात त्या चित्र उजळवणाऱ्या औषधाची, ॲलर्जी आली होती का. पोटाच्या नेहमीच्या स्कॅनला डाय दिल्यावर ७० सेकंदांच्या सुमाराची पोर्टल फेज (डाय यकृताच्या शिरेत पोहोचल्यावरचं चित्र) पुरते. यकृतातल्या गाठीसाठी ३५ सेकंदांच्या आसपासची उशिराची धमनी फेज आणि नंतरची डिलेड फेजही लागते. मूत्रमार्गाचा खडा शोधायचा असेल तर डाय न देता, कारण मूत्रमार्गात उतरलेला पांढरा डाय पांढऱ्या खड्याला झाकून टाकतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल तर धमनी आणि शीर दोन्ही फेज. चुकीची फेज घेतली तर नंतर कितीही हुशार डोळे बसवा, हवं ते त्या चित्रात नसतंच, आणि रुग्णाला पुन्हा डाय, पुन्हा किरण.

मोठ्या माणसाला साधारण ८० ते १०० मिलिलिटर डाय, नेहमीच्या स्कॅनला सेकंदाला २ ते ३ मिलिलिटर वेगाने. अँजिओग्राफीला ४ ते ५. त्यासाठी कोपराच्या खळगीत १८ किंवा २० गेजची कॅन्युला हवी. हाताच्या पंजावरच्या बारीक कॅन्युलातून इतक्या वेगाने डाय सोडला तर शीर फुटते. म्हणून आधी सलाइनचा फ्लश द्यायचा आणि डायच्या पहिल्या काही सेकंदांत शक्य असेल तेव्हा शिरेवर बोट ठेवून उभं राहायचं. फुगा जाणवला की लगेच थांबवायचं, हात उंच, थंड शेक. फुगा मोठा असेल, कातडी ताणली जात असेल, दुखणं वाढत असेल किंवा बोटं बधिर, थंड पडत असतील तर सर्जनला बोलवायचं.

फुप्फुसाच्या धमनीतल्या गुठळीसाठीचा स्कॅन वाया जाण्याचं एक कारण पुस्तकात ओळीभराचं असतं, कन्सोलवर रोजचं असतं. रुग्णाला उत्साहाने ‘जोरात, खूप खोल श्वास घ्या’ सांगितलं की छातीतला दाब एकदम उतरतो, पोटाकडच्या मोठ्या शिरेतून बिनडायचं रक्त हृदयात ओढलं जातं आणि नेमक्या त्याच क्षणी फुप्फुसाची धमनी फिकी पडते. स्कॅन तांत्रिकदृष्ट्या वेळेवर सुरू झालेला असतो, तरी धमनीत पुरेसा डाय नसतो. या तपासणीत साधा, शांत श्वास घेऊन रोखायला सांगायचं आणि डाय जाण्याआधी एकदा तालीम करून घ्यायची.

डायची गंभीर रिॲक्शन क्वचित येते, पण ती आल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. खोलीत ॲड्रिनलिन कुठल्या कप्प्यात आहे हे पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी स्वतः उघडून बघायचं. मोठ्या माणसाला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या द्रावणाचे ०.३ ते ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. प्राणवायू, पाय वर, शिरेतून सलाइन, मदतीला हाक. आराम नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. अंगावर गांधी आणि घसा आवळणं एकत्र दिसलं की नुसतं ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन देऊन वाट बघायची नसते. ॲड्रिनलिनला उशीर करणं हीच इथली खरी चूक.

रात्रीच्या कॉलला सर्वात जास्त येतो तो डोक्याचा सीटी. इथे विंडोचं, म्हणजे घनतेचा कुठला पट्टा काळ्या-पांढऱ्यात दाखवायचा याचं, महत्त्व कळतं. सीटीवरची घनता मोजणाऱ्या हाउन्सफील्डच्या मापात हवा उणे १०००, पाणी शून्य, चरबी उणे ५० ते उणे १००, ताजं गोठलेलं रक्त साधारण ५० ते ७०. मेंदूसाठी रुंदी ८०, मध्य ४० ही नेहमीची विंडो. पण कवटीला चिकटून असलेला रक्ताचा पातळ थर या विंडोत हाडाच्या पांढऱ्यात मिसळतो. रुंदी २०० च्या आसपास केली की तो हाडापासून सुटा दिसतो. अर्धांगवायूच्या पहिल्या तासांत उलट करायचं: रुंदी ४० वर आणायची, म्हणजे राखाडी आणि पांढऱ्या भागातला पुसट होत चाललेला फरक डोळ्याला जाणवतो. इन्सुलाची (मेंदूच्या बाजूच्या फटीत दडलेल्या भागाची) किनार दोन्हीकडे ताडून बघायची, मेंदूच्या मधल्या धमनीत पांढरी दोरी दिसते का बघायचं. इथे घड्याळ चालू असतं. गुठळी विरघळवण्याचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते देणारा माणूस तुमच्या ‘रक्तस्राव नाही’ या वाक्याची वाट बघत उभा असतो.

रक्त शोधताना उताराच्या जागा बघायच्या: मेंदूतल्या पोकळ्यांची मागची शिंगं, मेंदूच्या देठाच्या दोन्ही पायांमधली खाच, मेंदूच्या बाजूच्या सिल्व्हियन फटीचं टोक. मेंदूतल्या पाइनियल ग्रंथीतला आणि कोरॉइड प्लेक्समधला (पोकळ्यांतल्या वाहिन्यांच्या जाळीतला) चुना नेहमीचा असतो, त्याला रक्त समजायचं नाही. आठवड्या-तीन आठवड्यांचं सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साठलेलं, रक्त मेंदूच्याच रंगाचं होतं. तेव्हा रक्त शोधायचं नसतं, आत ढकललेल्या मेंदूच्या वळ्या शोधायच्या असतात. रक्त फार कमी असलेल्या रुग्णात ताजा स्रावही पुरेसा पांढरा दिसत नाही, म्हणून हिमोग्लोबिन माहीत असलेलं बरं. शेवटी हाडांची विंडो, आणि स्कॅनच्या सुरुवातीचं स्काउट चित्रही. मानेचा मोडलेला मणका कधी कधी फक्त तिथेच दिसतो.

पोटाच्या सीटीत फुटलेल्या आतड्याची हवा फुप्फुसाच्या विंडोत, रुंदी १५००, मध्य उणे ६००, शोधायची. नेहमीच्या विंडोत हवा आणि चरबी दोन्ही गडद दिसतात आणि बारीक बुडबुडे चरबीत हरवतात. सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या चित्रांवर मुद्दाम थांबायचं. फुप्फुसाच्या तळातली गुठळी आणि जांघेतला अडकलेला हर्निया तिथे असतात.

एमआरआयचं शिक्षण दारातच सुरू होतं. चुंबक कायम चालू असतो, स्कॅन चालू नसतानाही. प्राणवायूचा लोखंडी सिलिंडर, कात्री, खिशातला पेन, सगळं बाहेर. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण, हे प्रश्न रुग्णाला आणि नातेवाइकांना वेगवेगळे विचारायचे, कारण बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत कागदावरचं ‘नाही’ पुष्कळदा कोणी न विचारताच लिहिलेलं असतं. चित्रांमध्ये पहिली सवय एकच लावायची: डिफ्युजनवर (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या चित्रावर) पांढरं दिसलं की एडीसी, म्हणजे त्याच हालचालीचं मोजमाप दाखवणारं जोडचित्र, उघडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एडीसीवर काळं असेल तर डिफ्युजन खरंच अडलंय; नसेल तर टी२ (एमआरआयचं एक नेहमीचं चित्र) चाच उजेड डिफ्युजनमध्ये झिरपलाय. अडलेलं डिफ्युजन म्हणजे दर वेळी ताजा स्ट्रोकही नसतो. गळवातला पूही तसाच दिसतो.

फ्लुरोस्कोपी हल्ली कमी होत चालली आहे, पण मूत्रमार्गात उलट दिशेने डाय भरून करायची तपासणी, आरजीयू, अजून रेसिडेन्टच करतो आणि त्यात हाताचं कसब लागतं. फोलीचा (लघवीसाठी घालतात त्या नळीचा) फुगा मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेल्या खळग्यात ठेवून १ ते २ मिलिलिटर पाण्याने हळूच फुगवायचा. रुग्ण ४५ अंश तिरका, लिंग मांडीच्या दिशेने ताणलेलं. सरळ उताण्या स्थितीत बल्बचा (मूत्रमार्गाचा मागचा, फुगीर) भाग स्वतःवरच दुमडून आखूड दिसतो आणि तिथली अरुंद जागा लपते. नळी लावण्याआधी डायने पूर्ण भरायची. एक बुडबुडा राहिला तर मूत्रमार्गात गोल, काळी जागा दिसते आणि ती खड्यासारखी वाटते. डाय हळू सोडायचा. जोर लावला तर तो शिरांमध्ये शिरतो. या खोलीत स्वतःची काळजी म्हणजे पाऊल मागे. अंगावर येणारे किरण बहुतांशी रुग्णाच्या अंगातून विखुरलेले असतात, आणि अंतर दुप्पट झालं की डोस चौथाई होतो.

सुईचं काम नंतर येतं. बायोप्सीआधी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.५ च्या आत, प्लेटलेट ५०,००० च्या वर, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी. छातीतलं पाणी काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेने घालायची, कारण वाहिन्या आणि नस बरगडीच्या खालच्या कडेने जातात. सोनोग्राफीत सुईचं टोक दिसत नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही. आधी प्रोब हलवून टोक शोधायचं, मगच पुढे.

आता रिपोर्ट. बघणं शिकायला जितका काळ लागतो, तितकाच लिहिणं शिकायला. टेम्प्लेट वापरणं सोयीचं, पण पित्ताशय काढलेल्या रुग्णाच्या रिपोर्टात ‘पित्ताशय नॉर्मल’ राहून जातं ते टेम्प्लेटमुळेच, आणि ते वाचणारा मग बाकीच्या एकाही वाक्यावर विश्वास ठेवत नाही. उजवं-डावं सही करण्याआधी चित्रावर परत जाऊन ताडायचं. विशेषतः निष्कर्षातली बाजू वरच्या मजकुरातल्या बाजूशी जुळते का. डिक्टेशनमध्ये ‘नो’ गळला तर अर्थ उलटा होतो. जुनी फिल्म असेल तर ती उघडल्याशिवाय गाठीबद्दल मत द्यायचं नाही. दोन वर्षं जशीच्या तशी असलेली गाठ आणि तीन महिन्यांत दुप्पट झालेली गाठ आज सारख्याच दिसतात. निष्कर्षात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या ओळीत द्यायचं. ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ हे वाक्य नेमकं काय जुळवायचं हे सांगत असेल तरच लिहावं. नाहीतर ती जबाबदारी ढकलण्याची पळवाट होते आणि वॉर्डातल्या लोकांना ते बरोबर कळतं.

प्रत्येक रेसिडेन्टने एक वही ठेवावी: रुग्णाचं नाव न लिहिता केसचा क्रमांक, आपण काय लिहिलं, कन्सल्टंटनी काय बदललं, ऑपरेशनमध्ये किंवा पॅथॉलॉजीत काय निघालं. हा शेवटचा रकाना भरायला थिएटरमध्ये आणि पॅथॉलॉजीत स्वतः जावं लागतं, म्हणून बहुतेक वह्यांमध्ये तो कोरा असतो. भरत गेलं तर सहा महिन्यांत आपल्या चुकांचा नमुना दिसू लागतो. कोणी हाडं बघायलाच विसरतो, कोणी आतड्याच्या प्रत्येक वळणात सूज बघतो. त्या नमुन्याप्रमाणे आपला क्रम बदलायचा.

रात्री दिलेले सगळे प्राथमिक रिपोर्ट सकाळी कन्सल्टंटशेजारी बसून पुन्हा उघडले जातात. रात्रभर जागलेल्या माणसाला हा तास नकोसा होतो, पण संबंध दिवसात याच तासात सर्वात जास्त शिकायला मिळतं. बदल झाला तर तो फक्त संगणकात दुरुस्त करून भागत नाही. ज्या डॉक्टरला रात्री तोंडी सांगितलं होतं त्यालाच, तो ड्यूटीवरून गेला असेल तर त्याच्या जागी आलेल्याला, फोन करून जुनं काय होतं आणि नवं काय आहे ते सांगायचं, त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्यायचं आणि फोनची वेळ व नाव सुधारित रिपोर्टात नोंदवायचं. तो फोन लागेपर्यंत रात्रीची ड्यूटी संपत नाही.